दख्खनचीं द्वंद्वें आणि बोथाटी

कांहीं वर्षांपूर्वीं पाथरीच्या परिसरांतील एका खेड्यांत जत्रेच्या कुस्त्या पाहण्याचा योग आला. माझ्या वर्गांतील एक होतकरू विद्यार्थी त्या दिवशीं लढणार होता, आणि त्याच्याच आग्रहावरून मीं तेथें गेलों होतों. हौद असा नव्हताच. टणक जमिनीवर दोन-चार गाड्या माती पसरली होती, इतकेंच. तिसऱ्या कुस्तींत प्रतिपक्षानें त्याला कमरेवर घेऊन फेंकलें व तो मानेवर आदळला. भोंवतालच्या मंडळींनीं आधीं टाळ्या वाजविल्या. पोरगा उठत नाहीं हें ध्यानांत येण्यास थोडा वेळ गेला. डॉक्टर जवळ नव्हता. एका जीपगाडींत आडवा घालून त्याला शहरांत नेलें. पुढें कित्येक महिने त्याच्या मानेभोंवतीं पट्टा होता. बोटांना मुंग्या येत, आणि हातांतली लेखणी गळून पडे. ईश्वरकृपेनें तो हिंडूंफिरूं लागला. कुस्ती मात्र कायमची सुटली.

त्या संध्याकाळीं जत्रेच्या एका वृद्ध व्यवस्थापकास मीं जरा रागानेंच जाब विचारला. ते शांतपणें म्हणाले, "सर, पोरानं आपल्या राजीखुशीनं शड्डू ठोकला होता. यांत दोष कुणाचा?" त्या गृहस्थांच्या मनांत कपट नव्हतें, त्यांना खरोखरच तसें वाटत होतें. म्हणूनच तो प्रश्न माझ्या मनांतून जाईना. त्याचें उत्तर शोधतां शोधतां मीं इतिहासाकडे वळलों, आणि आश्चर्य असें कीं, तो इतिहास मला पुन्हां पाथरीलाच घेऊन आला.

आजच्या वाचकांस पाथरी हें नांव साईबाबांच्या जन्मस्थानाविषयीं चाललेल्या चर्चेमुळें ठाऊक असेल. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र तें आणखी एका घराण्यासाठीं स्मरतें. अहमदनगरच्या निजामशाहीचा मूळ पुरुष मलिक हसन हा जन्मानें ब्राह्मण होता. विजयनगरच्या मुलखांत तो बहामनी सैन्याच्या हातीं लागला व मुसलमान झाला. फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो कीं, त्याचे पूर्वज पाथरीचे कुलकर्णी होते. मलिक हसनाचा मुलगा मलिक अहमद यानें १४९० सालीं स्वतंत्र राज्य स्थापिलें व १४९४ च्या सुमारास अहमदनगर वसविलें. वतनाची ओढ मोठी चिवट असते. पाथरी तेव्हां वऱ्हाडच्या इमादशहाकडे होती. पूर्वजांचें हें गांव आपल्याला मिळावें म्हणून निजामशहांनीं बदल्यांत दुसरा मुलूख देऊं केला, आणि बोलण्यानें काम होईना तेव्हां १५१८ सालीं बुऱ्हाण निजामशहानें तें शस्त्रबळानें घेतलें. एका कुलकर्णाच्या वतनासाठीं दोन राज्यें झुंजल्याचें असें उदाहरण विरळाच.

परंतु आपल्याला या घराण्याची जी गोष्ट पाहावयाची आहे ती वतनाची नव्हे, खेळाची आहे. अहमद निजामशहा तलवारीच्या खेळांत अतिशय निष्णात होता. राजाला जें प्रिय तें प्रजेला प्रिय होतें, या न्यायानें अहमदनगरच्या तरुणांस त्याच खेळाचें वेड लागलें. फिरिश्ता लिहितो कीं, विद्यालयांच्या जागीं मोहल्ल्यामोहल्ल्यांत पट्टेबाजीच्या तालमी निघाल्या व चार माणसें जमलीं कीं दुसरा विषयच निघत नसे. मग अर्थातच श्रेष्ठ कोण, हा वाद उत्पन्न झाला. वादी राजाकडे जात, आणि राजा त्यांना आपल्यासमोर लढावयास लावी. पहिला वार ज्याचा बसेल तो विजयी, असा निवाडा ठरला. अशा रीतीनें दिवाणखान्यासमोर रोज गर्दी जमूं लागली, आणि रोज दोन-तीन मुडदे तेथून उचलण्याची पाळी आली.

आतां राजानें काय करावें? त्याला त्या देखाव्याचा वीट आला. परंतु त्यानें द्वंद्वें बंद केलीं नाहींत, त्यांची जागा बदलली. आपल्या डोळ्यांसमोर हें नको, किल्ल्याबाहेर काळ्या चबुतऱ्याच्या मैदानांत जाऊन लढावें, असा त्याचा हुकूम झाला. कोणीं मध्यें पडूं नये व कोणी मेल्यास त्याच्या खुनाची दाद कोणीं मागूं नये, अशीही आज्ञा झाली. येथें पाथरीजवळच्या त्या वृद्ध व्यवस्थापकाचे शब्द मला आठवले. राजीखुशीनें शड्डू ठोकला. मग दोष कोणाचा? पांचशें वर्षांपूर्वींच्या एका सुलतानानें तीच गोष्ट कायदा म्हणून पुकारली होती.

त्या कायद्याचें फळ काय झालें? ही चाल अहमदनगरांतून सर्व दख्खनभर पसरली. शिपाईच नव्हेत, तर विद्वान आणि मानकरीदेखील तिच्या आहारीं गेले. द्वंद्वाला पाठ दाखविणें म्हणजे कुळाला बट्टा, अशी समजूत दृढ झाली. फिरिश्ता पुढें विजापूरच्या दरबारीं होता. तेथील भर रस्त्यांत आपण स्वतः पाहिलेला एक प्रसंग त्यानें नमूद केला आहे. पिकल्या दाढीचीं, दरबारांत मान असलेलीं माणसें क्षुल्लक बोलाचालीवरून एकमेकांशीं भिडलीं. आधीं एका घरचा तरुण मुलगा पडला. मग त्याचा सूड घेण्यास वडील माणसें सरसावलीं, आणि थोड्याच अवधींत दोन्ही घरचे कर्ते पुरुष धुळीस मिळाले. खेळ म्हणून जें सुरू झालें तें दोन पिढ्यांत कुलाचार होऊन बसलें.

या प्रकरणाचा दोष केवळ तलवारीला देणें सोपें आहे; पण तें खरें नाहीं. तलवार त्याआधींही होती. हा खेळ घातक होण्याचीं कारणें तीन. मानाचा प्रेक्षक समोर बसला, म्हणून माघार घेणें अशक्य झालें. पहिल्या घावावर निकाल ठरला, म्हणून घाव हेंच साध्य बनलें. आणि घावाचा जबाब कोणाकडेच राहिला नाहीं, म्हणून तो टाळण्याची विद्या कोणाला सुचली नाहीं. हें तिसरें कारण सर्वांत महत्त्वाचें, असें मला वाटतें. जेथें दुखापतीचा धनी कोणी नसतो, तेथें दुखापत ही दैवाची गोष्ट ठरते. आणि दैवावर उपाय शोधण्याच्या भानगडींत कोण पडतो?

सुदैवानें महाराष्ट्रांतील तालमींना दुसरी वाटही ठाऊक होती. फरीगदगा हा खेळ घ्या. फरी म्हणजे कातड्याची लहान ढाल, आणि गदगा म्हणजे कातड्यानें मढविलेली छडी. पवित्रे तलवारीचे, वारही तलवारीचे. परंतु अंगावर उठतो तो वळ, जखम नव्हे. बोथाटीचें तर नांवच बोलकें आहे. घोडेस्वारांच्या भालाफेंकीच्या अभ्यासांत लांब काठीच्या टोंकाला कापडाचा गोळा बांधीत व तो रंगांत भिजवीत. टोला बरोबर बसला कीं नाहीं याची खूण अंगरख्यावर उमटे, बरगडींत नव्हे. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनीं ज्या मल्लखांबाचा प्रसार केला, त्याचें मर्मही हेंच आहे. पेंच पुनःपुन्हां घटवावयाचे तर जोडीदाराचीं हाडें किती दिवस पुरणार? म्हणून जोडीदाराच्या जागीं लांकडी खांब आला. आणि त्या खांबावर आपलीच कातडी सोलून निघूं नये म्हणून त्याला एरंडेल लागलें. आमच्या कुस्तीच्या हौदांत लाल माती चाळून, तेल, ताक, हळद घालून मुरवितात व रोज फावड्यानें उकरून मऊ करतात. तो केवळ शास्त्रार्थ नव्हे. पडणाऱ्या माणसाची ती आगाऊ केलेली चिंता आहे.

अशा चिंतेनें पुरुषार्थ कमी होतो, असा आक्षेप नेहमीं येतो. फरीगदगा खेळलेला मनुष्य रणांत भ्याला असता, तर हा आक्षेप मान्य करतां आला असता. खाशाबा जाधवांनीं १९५२ सालीं हेलसिंकी येथें कुस्तींत कांस्यपदक मिळविलें, तें गादीवर, पंचांच्या नजरेखालीं व धोक्याच्या पकडींना मज्जाव असलेल्या नियमांनीं. तेवढ्यावरून त्यांची कुस्ती मिळमिळीत होती, असें म्हणण्याचें धाडस कोण करील? इंग्लंडांत मुष्टियुद्धाच्या क्वीन्सबेरी नियमांनीं १८६७ सालीं हातमोजे सक्तीचे केले व फेऱ्यांना तीन मिनिटांची मर्यादा घातली. त्यानंतर तो खेळ मेला नाहीं, उलट जगभर गेला.

याउलट, संकट हें खेळाचें अंगभूतच आहे असें एकदां मानलें, म्हणजे काय होतें याचें उदाहरण क्रिकेटांत सांपडतें. १९६२ सालीं बार्बाडोस येथें भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्यावर चार्ली ग्रिफिथ यांचा चेंडू आदळून कवटी फुटली. प्रतिपक्षाचे कर्णधार फ्रँक वॉरेल यांनीं त्यांच्यासाठीं आपलें रक्त दिलें. ती उदारता क्रिकेट विसरणार नाहीं. परंतु कॉन्ट्रॅक्टर पुन्हां कसोटी सामना खेळले नाहींत, आणि फलंदाजांच्या डोक्यावर शिरस्त्राण दिसूं लागण्यास त्यानंतर पंधरा वर्षें जावीं लागलीं. पुढें १९९८ सालीं ढाका येथें रमण लांबा फलंदाजाच्या अगदीं निकट क्षेत्ररक्षणास उभे राहिले. षटकांतले थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्यांनीं शिरस्त्राण घेतलें नाहीं, आणि चेंडू डोक्यास लागून त्यांचा अंत झाला. उपाय नुसता शोधून भागत नाहीं. तो वापरावयास लावणारा कोणी असावा लागतो.

आज आपल्याकडे हा प्रश्न सर्वांत ठळकपणें उभा राहतो तो दहीहंडीच्या निमित्तानें. थरांवर थर चढतात, लाखांचीं बक्षिसें पुकारलीं जातात, आणि वरच्या थरावर अंगानें हलकें म्हणून पोर चढवितात. २०१४ सालीं मुंबई उच्च न्यायालयानें हंडीची उंची वीस फुटांवर जाऊं नये व अठरा वर्षांखालील मुलांना थरांत घेऊं नये, असा निर्णय दिला. २०१७ सालीं ही वयोमर्यादा चौदावर आली व उंचीचा प्रश्न शासनाकडे सोपविला गेला. २०२२ सालीं शासनानें दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांसाठीं विम्याची घोषणा केली. हा विमा मला महत्त्वाचा वाटतो. कारण खेळणाऱ्याच्या घावाचा जबाब कोणाकडे तरी आहे, याची ती सार्वजनिक कबुली आहे. काळ्या चबुतऱ्याचा कायदा तेवढ्यापुरता रद्द झाला म्हणावयाचा. परंतु विमा येतो तो पडल्यावर. बोथाटीचा गोळा बांधला जातो तो भाला उचलण्यापूर्वीं. दोहोंतला हा फरक विसरतां कामा नये.

आणि या प्रकरणांत आपण प्रेक्षक कोठें बसतों? अहमद निजामशहानें स्वतः कोणावर वार केला नव्हता. तो फक्त पाहत होता. पाहणाऱ्याच्या नजरेला जें रुचतें, तिकडे खेळ झुकतो. बक्षीस थरांच्या संख्येवर ठेवावें कीं सुखरूप उतरलेल्या पथकावर, कुस्ती लावण्यापूर्वीं हौद पाहावा कीं नाहीं, या गोष्टी खेळणाऱ्या पोरांच्या हातीं नसतात. त्या वर्गणी देणाऱ्या व टाळ्या वाजविणाऱ्या वडीलधाऱ्यांच्या हातीं असतात. त्या दिवशीं पसरलेली ती पातळ माती मींही पाहिली होती, आणि कांहीं न बोलतां पुढच्या रांगेंत बसलों होतों. त्या वृद्ध गृहस्थांना जाब विचारण्याचा माझा अधिकार कितपत होता, याचा मीं पुष्कळ विचार केला आहे.

तो विद्यार्थी आतां आपल्या गांवीं शेती पाहतो, आणि सायंकाळीं पांचपंचवीस पोरांना कुस्ती शिकवितो. मध्यंतरीं मीं त्याच्याकडे गेलों होतों. पोरें लंगोट कसून उभीं होतीं, पण हौदांत कोणी उतरत नव्हतें. हा मानेला जपत, वांकून मातीत हात घालून पाहत होता. "अजून एक हात खोल उकरा रे," तो म्हणाला. आणि माती मऊ झाल्याची खात्री पटल्यावरच त्यानें पहिली जोड सोडली.