छायाचित्रावरून चित्र

छायाचित्रावरून चित्र काढणें ही गोष्ट आपल्याकडे बराच काळ कमीपणाची मानली गेली. माणूस समोर बसवून काढलेलें तें खरें चित्र आणि फोटोवरून उतरविली ती नक्कल, असा सर्वसाधारण समज. हा जुना वाद आज नव्या रूपानें आपल्या घरांत शिरला आहे. घरांतील एखादा मुलगा मोबाइलवरील आजीचा फोटो एका बोटानें 'तैलचित्र' करून दाखवितो. दुसरा एखादा चिकाटीचा असला तर संगणकाच्या पाटीवर लेखणी फिरवीत तोच फोटो आठ आठ दिवस रंगवीत बसतो. दोघांनाहि एकच प्रश्न विचारावा लागतो : या चित्रांत जी शैली दिसते ती कोणाची? या प्रश्नाचें उत्तर यंत्राच्या माहितीपत्रकांत सांपडणारें नाहीं. तें इतिहासांत शोधलें पाहिजे. आणि त्या इतिहासाचीं दोन महत्त्वाचीं पानें आमच्या सोलापूर जिल्ह्याचीं आहेत.

इ. स. १८३९ हें वर्ष या बाबतींत ध्यानांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं १९ ऑगस्ट रोजीं डागेर याची छायाचित्रणाची कृति पॅरिस येथें जाहीर झाली. त्याच वर्षीं फ्रान्समधील लियों शहरीं कार्किला नांवाच्या विणकरानें जकार्ड या मागशोधकाची प्रतिमा रेशमांत विणली. ती एका रंगचित्रावरून घेतली होती, आणि तिला भोकें पाडलेलीं सुमारें २४,००० कार्डें लागलीं. ती इतकी हुबेहूब होती कीं, जाणते लोकहि तिला ठशावरून छापलेलें चित्र समजत. चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानें तिची एक प्रत मोठ्या हौसेनें मिळविली होती. आणि आपल्या नियोजित गणनयंत्रासाठीं भोकांच्या कार्डांची कल्पना त्यानें जकार्डच्या मागावरूनच उचलली. म्हणजे ज्या यंत्रावर आज आपलीं मुलें फोटो रंगवितात, त्याच्या पूर्वजांत एक विणकराचा माग आहे.

आपल्याकडे मुंबईंत १८५४ सालीं फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि १८५७ सालीं जे. जे. कलाशाळा सुरू झाली. पाश्चात्त्य पद्धतीचें चित्रशिक्षण आणि कॅमेरा हीं दोन्ही अशीं जवळजवळ जुळ्या भावंडांसारखीं आलीं. त्यांचें भांडण आणि सहकार्य दोन्ही तेव्हांपासूनचीं. राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांनीं व्यक्तिचित्रांसाठीं छायाचित्रांचें साहाय्य घेतलें, यांत आतां लपविण्यासारखें कांहीं राहिलेलें नाहीं. परंतु त्या काळच्या छायाचित्रांत रंग नव्हता. चेहऱ्याची ठेवण कॅमेऱ्यानें द्यावी. शालूच्या जरीची झळाळी, कातडीची ऊब आणि सोन्यावरचा दिव्याचा उजेड चित्रकारानें डोळ्यांनीं पाहून, मनांत सांठवून आणावा, अशी ती वांटणी होती. छायाचित्रांत जें नव्हतें तेंच चित्रकाराचें होतें.

ही वांटणी जेथें मोडली तेथें काय झालें, हें आपल्या जुन्या दिवाणखान्यांतील तसबिरींवरून कळतें. मृत वडिलांचा लहानसा फोटो स्टुडिओंत द्यावा, तो मोठा करून हातानें रंगवून आणावा आणि चंदनाचा हार घालून भिंतीवर लावावा, ही रीत मध्यमवर्गांत पिढ्यान् पिढ्या चालली. रंगविणारे कारागीर कुशल होते. पण गिऱ्हाइकास सुरकुत्या नको असत, म्हणून सुरकुत्या गेल्या. गाल गुलाबी झाले, आणि मागें एकच निळसर धुकें आलें. परिणाम असा कीं, पंढरपूरचे आजोबा आणि पुण्याचे मामा एकाच आईचीं लेंकरें दिसूं लागले. त्या तसबिरींना शैली होती. पण ती दुकानाची होती, माणसाची नव्हती.

आतां सोलापुरांतील मागाकडे वळूं. तेलंगणांतून येऊन येथें स्थायिक झालेल्या पद्मशाली विणकरांनीं जकार्डच्या मागावर चादरी विणल्या, हें सर्वश्रुत आहे. त्याच समाजांतील कसबी विणकरांनीं देवतांच्या व पुढाऱ्यांच्या प्रतिमाहि भिंतीवर टांगण्याच्या वस्त्रांत विणल्या आहेत. त्यांची रीत पाहण्यासारखी आहे. छायाचित्र प्रथम चौकटींच्या कागदावर उतरवावयाचें. एक चौकट म्हणजे उभ्या व आडव्या धाग्यांची एक गांठभेट. तेथें कोणता धागा वर राहावा एवढाच प्रश्न, आणि त्याचें उत्तर 'होय' किंवा 'नाहीं' यांपैकीं एक. त्याप्रमाणें कार्डास भोंक पाडावयाचें किंवा तें कोरें ठेवावयाचें. छायाचित्रांत गालावरील सावली सहज विरत जाते. विणकराच्या हातीं मात्र मोजके रंग आणि मोजके धागे. म्हणून ती सावली कोठें तोडावयाची हें त्याला ठरवावेंच लागतें. भुवई जाड धरावी कीं बारीक, ओठांची कड ठेवावी कीं सोडावी, असे शेंकडों निर्णय तो घेतो. आणि एकाच फोटोवरून दोन विणकरांनीं केलेले नकाशे एकसारखे होत नाहींत. यंत्र तेंच, कार्ड तेंच, फोटोहि तोच. निराळें काय तें काय टाकावयाचें याविषयींचें मत. शैलीचा उगम आम्हांला येथें दिसतो.

दुसरें पान पंढरपूरचें. मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म तेथें १९१५ सालीं झाला. पुढें मुंबईंत पोटासाठीं ते सिनेमाचे फलक रंगवीत. त्या धंद्यांत नटनटींचा वीतभर फोटो घ्यावयाचा, त्यावर चौकोन आंखावयाचे आणि एकेक चौकोन भव्य फलकावर वाढवीत न्यावयाचा. चित्रकार फलकाला खेटून उभा, पाहणारा रस्त्याच्या पलीकडे, आणि चित्रपट शुक्रवारीं लागणार. एवढ्या घाईंत व एवढ्या अंतरावरून बारकावे कोण पाहतो? नाकाची एक रेघ आणि गालावरचा एक पट्टा यांनींच काम भागवावें लागतें. १९४७ सालीं प्रोग्रेसिव्ह मंडळांत येऊन पुढें जगप्रसिद्ध झालेल्या हुसेन यांच्या घोड्यांत जी धांवती, जोरकस रेषा आहे, तिचें शिक्षण या फलकांवर झालें असें मानण्यास पुष्कळ आधार आहे.

याच हुसेनांविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली जाते. त्यांची आई ते अगदीं तान्हे असतांना वारली, आणि तिचें एकहि छायाचित्र मागें राहिलें नव्हतें. १९८० पासून त्यांनीं मदर तेरेसांची जी मालिका रंगविली तींत निळ्या किनारीची पांढरी साडी आहे, कुशींत मूल आहे. चेहरा मात्र नाहीं. मदर तेरेसांचे फोटो तर जगभर पसरलेले होते! हजारों चेहरे फोटोवरून वाढविलेल्या या हातानें तेथेंच तो कोरा ठेवावा, याहून बोलकें उदाहरण आम्हांस ठाऊक नाहीं.

हीं दोन उदाहरणें ध्यानीं घेऊन आजच्या साधनांकडे पाहिलें म्हणजे अडचण कोठें आहे तें कळतें. फोटोशॉप १९९० सालीं बाजारांत आलें. २०१५ सालीं जर्मनींतील ट्यूबिंगेन येथील तीन संशोधकांनीं कोणत्याहि छायाचित्रास व्हॅन गॉगसारख्या चित्रकाराची धाटणी यंत्रानें चढविण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि २०१६ सालीं 'प्रिझ्मा'सारख्या उपयोजनानें ती खिशांत आणून दिली. विणकराला धाग्यांची मर्यादा होती, फलकवाल्याला वेळेची, रविवर्म्याला रंगहीन फोटोची. संगणकाला यांपैकीं एकहि नाहीं : रंग कोट्यवधि, कुंचले हजारों, चूक पुसण्यास क्षणहि नको. जेथें कांहींच टाकावें लागत नाहीं तेथें निवड होत नाहीं, आणि निवडीवांचून शैली कशी येणार? जुन्या स्टुडिओचें गुलाबी गाल व निळें धुकें यांनीं केलेलें काम आज ही तयार धाटणी करीत आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, मग हें साधनच टाकून द्यावें. आम्हांला तसें वाटत नाहीं. डेव्हिड हॉकनी या इंग्रज चित्रकारानें सत्तरी ओलांडल्यावर आयपॅडवर चित्रें काढण्यास आरंभ केला, आणि तीं त्याचींच म्हणून दुरून ओळखूं येतात. कारण बोटांमागें अर्धशतकाचें पाहणें होतें. दोष साधनाचा नाहीं. उणीव मर्यादेची आहे, आणि ती आतां ज्याची त्यानें घालून घ्यावयाची आहे. फोटो शक्य तर स्वतः काढलेला असावा. कुंचला एक, रंग चार-पांच असावेत. आरंभीं फोटो इतका लहान ठेवावा कीं डोळ्यांतील पाणी दिसूं नये. आणि अर्धें चित्र झाल्यावर फोटो झांकून उरलेलें आठवणीनें पुरें करावें. असा नेम वर्षभर पाळणाऱ्यास आपण प्रत्येक वेळीं काय ठेवतों व काय सोडतों हें आपोआप दिसूं लागेल. तीच त्याची शैली. ती शोधावयास दुसरीकडे जावें लागत नाहीं.

यांत केवळ कलेचाच प्रश्न नाहीं. घरोघरच्या गेलेल्या माणसांचे चेहरे पुढच्या पिढीकडे कोणत्या रूपानें जावयाचे, हें याच पिढीच्या हातीं आहे. आजीच्या कपाळावरची आडवी आंठी यंत्राला डाग वाटेल आणि तें ती पुसून टाकील. ती आंठी कशानें पडली हें ज्याला माहीत आहे तो नातू बाकी सर्व सोडून तेवढी एकच रेघ ठेवील.