दयामरण व उपयुक्ततावाद
दयामरण म्हणजे असाध्य यातनांतून सोडवण्यासाठी रुग्णाला मरण देणे किंवा त्याचे जीवरक्षक उपचार थांबवणे. बेंथॅम व मिल यांच्या उपयुक्ततावादात कृतीचे मोल तिच्यामुळे होणाऱ्या सुखदुःखावर ठरते. म्हणूनच पीटर सिंगर यांच्यासारखे विचारवंत उपचार थांबवणे आणि मरणाला मदत करणे यांत मूलभूत नैतिक भेद मानत नाहीत. भारतीय कायदा मात्र तो मानतो.

माजी खासदार मिनू मसानींनी 1981 मध्ये मुंबईत सन्मानाने मरण्याच्या हक्कासाठी संस्था काढली. पण हा प्रश्न घरोघरी पोहोचला तो अरुणा शानबाग यांच्यामुळे. केईएम रुग्णालयातील ही परिचारिका 27 नोव्हेंबर 1973 च्या पाशवी हल्ल्यानंतर अंथरुणाला खिळली. पत्रकार पिंकी विराणी यांनी तिला भरवणे थांबवून तिची सुटका करावी यासाठी याचिका केली. तिला घास भरवणाऱ्या, कूस बदलणाऱ्या सहकारी परिचारिकांनी ठाम विरोध केला. इतक्या वर्षांत अंगावर एक शय्याव्रण नव्हते. ही माया सुखदुःखाच्या हिशेबात कशी धरायची, हा उपयुक्ततावादापुढचा खरा पेच आहे.

सर्वोच्च न्यायालयाने 7 मार्च 2011 रोजी याचिका फेटाळली, मात्र निष्क्रिय दयामरणाला, म्हणजे उपचार थांबवण्याला, कडक अटींवर मान्यता दिली. अरुणा 18 मे 2015 रोजी न्यूमोनियाने गेल्या.

2018 मध्ये न्यायालयाने वैद्यकीय इच्छापत्रही, म्हणजे असे उपचार नकोत ही आधीच लिहून ठेवलेली इच्छाही, वैध ठरवले. आत्महत्येस साहाय्य करणे आजही गुन्हाच आहे.