रांझ्याचे पत्र आणि चित्त गृहपतीचे दार

भोर तालुक्यातील रांझे हे लहानसे गाव मराठ्यांच्या इतिहासात एका पत्रामुळे प्रसिद्ध आहे. २८ जानेवारी १६४६ च्या या पत्रात शिवाजी महाराजांनी गावचा मोकदम बाबाजी गुजर याने ‘बदअमल’ केल्याचे कळताच त्याला धरून आणविले, चौकशी केली व त्याचे हातपाय तोडविले, अशी नोंद आहे. हा बदअमल म्हणजे स्त्रीवरील अत्याचार, असे परंपरा मानते. वतनदार पाटलाचीही गय झाली नाही, याचे मोल आम्ही कमी लेखीत नाही.

परंतु पत्राचा पुढील भाग क्वचितच वाचला जातो. भाऊबंद सोनजी गुजर याने सरकारात होन भरून बाबाजीस ताब्यात घेतले आणि मोकदमी गुजरांच्याच गोतात राहिली. अपराध्याची, वतनाची, दंडाची सर्व व्यवस्था लागली. जिच्यावर अन्याय झाला तिचे नावदेखील कागदावर नाही. हा दोष एका राज्यकर्त्याचा नव्हे, त्या काळच्या न्यायकल्पनेचा होय.

अपराध्याने पीडितासमोर यावे, हानी भरून द्यावी, या विचाराला आज पुनर्स्थापक न्याय म्हणतात. त्याचा आपल्याकडील नमुना म्हणून काही जण भोर-वेल्ह्याच्या मावळांतील गोतसभेकडे बोट दाखवितात. आम्हांस ते पटत नाही. गोतसभा मुख्यतः वतनाचे तंटे मिटवी. शिवेच्या वादात तेथे महाराची साक्ष मोलाची ठरे; पण पाटलाविरुद्ध त्याच महाराने कोणापुढे उभे राहावे?

खरा नमुना विनयपिटकात, चुल्लवग्गात सापडतो. मच्छिकासंड येथील सुधम्म भिक्खूने चित्त गृहपतीचा अपमान केला. भगवंतांनी संघाकरवी त्याच्यावर पटिसारणीय कर्म करविले. म्हणजे त्याने स्वतः चित्ताकडे जाऊन क्षमा मागावयाची. सुधम्म गेला, परंतु लाजेने क्षमा न मागताच परतला. तेव्हा सोबतीला दुसरा भिक्खू देऊन त्याला पुन्हा पाठविण्यात आले. पीडिताच्या दारापर्यंतची ही वाट टाळता येत नव्हती. भिक्खूंमधील कलह गवताने झाकावा तसा मिटविण्याची ‘तिणवत्थारक’ ही रीतही विनयात आहे. मात्र गंभीर अपराध आणि गृहस्थांशी संबंधित अपराध तिच्यातून वगळलेले आहेत. गावकीच्या दडपणाखाली झालेल्या ‘समेटा’चा अनुभव असलेल्या आमच्या वाचकांना या अपवादाचे मर्म वेगळे सांगावयास नको.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत किरकोळ गुन्ह्यांसाठी सामुदायिक सेवेची शिक्षा आली, ही सुधारणा स्वागतार्ह आहे. १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम १९ मात्र अठरा वर्षांवरील दोषी व्यक्तीला परिवीक्षेची सवलत नाकारते. आमच्या मते ते तसेच राहावे. त्याच कायद्यात २०१६ पासून अमलात आलेल्या कलम १५-अ ने जामीन, पॅरोल, दोषसिद्धी व शिक्षा यांविषयीच्या सुनावणीत पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क दिला आहे. रांझ्याच्या त्या अनाम स्त्रीला असे उभे राहण्यास जागाच नव्हती.