चौकटीबाहेरची गल्ली

छायाचित्र हा इतिहासाचा पुरावा मानला जातो तो त्यात काय दिसते यावरून. कॅमेरा कोठे होता, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. इस्रायलच्या राष्ट्रीय स्मृतीत अढळ स्थान मिळवलेल्या एका प्रतिमेबाबत मात्र तो टाळता येत नाही. ७ जून १९६७ रोजी इस्रायली सैन्याने जॉर्डनकडून जेरुसलेमचे जुने शहर घेतले, त्या दिवशी डेव्हिड रुबिंगर यांनी पश्चिम भिंतीपाशी तीन छत्रीधारी सैनिक टिपले. मधला बोडक्या डोक्याचा, शिरस्त्राण हाती धरलेला. भिंतीचे प्रचंड चिरे पाठीशी आहेत. नजर मात्र चौकटीबाहेर, वर कोठेतरी लागलेली आहे. चित्रण खालून झाल्याने त्या थकलेल्या तरुणांना शिल्पाची उंची लाभते. फ्रेंच ध्वजाला वंदन करणाऱ्या कृष्णवर्णीय सैनिकाच्या मुखपृष्ठचित्राचा जो अन्वय रोलाँ बार्थ यांनी 'मिथॉलॉजीज'मध्ये (१९५७) लावला, तो येथे सहज आठवतो. तेथेही नजर वर आहे आणि ध्वज केवळ गृहीत धरलेला. घडवलेला इतिहास निसर्गसिद्ध भासू लागतो तो असा.

परंतु मिथकनिर्मितीची ही मीमांसा येथे अपुरी पडते. तो कोन सौंदर्यदृष्टीने निवडलेला नव्हता. भिंत आणि तिच्यासमोरची घरे यांमधील जागा इतकी चिंचोळी होती की रुबिंगर यांना जमिनीवर आडवे व्हावे लागले. ती घरे मुघराबी वस्तीची. बाराव्या शतकाच्या अखेरीस सलादीनचा पुत्र अल्-अफ्दल याने माघ्रेबी मुसलमानांसाठी वक्फ केलेली ही वस्ती. १० जूनच्या रात्री रहिवाशांना अल्पावधीत बाहेर काढून ती पाडण्यास आरंभ झाला. सुमारे १३५ घरे गेली आणि आजचे विस्तीर्ण पटांगण झाले. चार दिवस उशीर झाला असता, तर छायाचित्रकाराला आडवे होण्याचे कारणच उरले नसते! चित्रातील वीरत्वाचा कोन हा अशा रीतीने पाडल्या गेलेल्या घरांचाच ठसा आहे. ती कोठेही दिसत नाहीत, तरी चित्राची रचना त्यांनीच ठरवली आहे.

स्वतः रुबिंगर यांना हे चित्र फारसे थोर वाटत नव्हते. शोफार घेतलेल्या रब्बी श्लोमो गोरेन यांचे त्याच दिवशीचे चित्र त्यांना अधिक मोलाचे वाटे. निगेटिव्ह सैन्याकडे गेली, शासकीय वृत्तकार्यालयाने प्रती सर्वदूर पोचवल्या, आणि २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती मिशाएल खेशिन यांनी ते साऱ्या राष्ट्राची मालमत्ता झाल्याचे म्हटले. कर्त्याच्या हेतूपासून संहिता इतकी दूर गेल्याची उदाहरणे साहित्यातही विरळाच. छायाचित्रावर ना कर्त्याची मालकी ना सत्तेची, हा एरिएला अझूले यांचा 'द सिव्हिल कॉन्ट्रॅक्ट ऑफ फोटोग्राफी'मधील (२००८) विचार या निवाड्यासमोर ठेवून पाहावा. त्या चित्रित व्यक्ती आणि प्रेक्षक यांच्यात नागरिकत्वाचे नाते कल्पितात. येथे मात्र ज्यांचा हक्क उरतो ते चित्रित नाहीतच. त्यांची घरे कॅमेऱ्याच्या पाठीमागे आहेत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जेरुसलेमच्या अमेरिकन कॉलनीच्या छायाचित्रकारांनी याच गल्लीत प्रार्थना करणारे ज्यू भाविक टिपले. त्या चित्रांतही भिंत अगदी जवळून आणि तिरकी दिसते. मागे सरकायला त्यांनाही जागा नव्हती.