कारकुनाचा टाक, मंगाची रेघ

मंगा म्हणजे जपानी चित्रकथा. तिच्यातल्या एखाद्या चेहऱ्याच्या गालाची कड नीट पाहावी. कानापाशी ती केसाइतकी बारीक सुरू होते, हनुवटीच्या वळणावर जाड होते आणि मानेकडे उतरताना पुन्हा विरत जाते. एका दमात ओढलेली ही रेघ जपानी चित्रकार ज्या निबने काढत आले, तिचे नाव जी-पेन. पोलादी पत्र्याची, मधोमध चीर असलेली, दांडीत खोचून शाईत बुडवायची ही निब मराठी शाळांत दौतीशेजारी नांदलेल्या टाकाच्याच कुळातली. दोघांचेही मूळ गाव इंग्लंडातले बर्मिंगहॅम.

एकोणिसाव्या शतकात जोसेफ जिलॉट आणि इतर कारखानदारांनी तिथे यंत्रावर पोलादी निबा पाडायला सुरुवात केली आणि पिसाच्या लेखणीचे दिवस भरले. जगभरच्या कचेऱ्यांतल्या खतावण्या या निबांनी भरू लागल्या. जी हा त्यांतलाच एक आकार, इंग्रजी अक्षरांना जाड-बारीक वळण देण्यासाठी उपयोगी पडणारा. मेजी सम्राटाच्या काळात जपानी कचेऱ्या पाश्चात्त्य धर्तीवर चालू लागल्या तेव्हा तो तिथे पोचला. सुरुवातीला सगळा माल परदेशी होता. १८९७ मध्ये इशिकावा तोकुमात्सु यांनी जपानी निबा बनवायला घेतल्या. आज झेब्रा या नावाने ओळखली जाते ती हीच कंपनी.

त्याआधी जपानी चित्रकाराच्या हाती कुंचला होता. होकुसाई या चित्रकाराच्या रेखाटनांच्या 'होकुसाई मंगा'चा पहिला खंड १८१४ मध्ये निघाला आणि पुढे एकूण पंधरा खंड झाले. पण वाचकापर्यंत पोचणारी रेघ खुद्द होकुसाईच्या हातची नव्हती. त्याचे रेखाटन लाकडी ठोकळ्यावर उलटे चिकटवले जाई, कोरीवकाम करणारा कारागीर रेघेच्या दोन्ही बाजूंचे लाकूड काढून टाकी आणि मूळ कागद त्यातच नाहीसा होई. मंगाच्या हत्यारांचा पुढचा सगळा इतिहास समजायचा तर हे आधी ध्यानात घ्यावे लागते. चित्रकार काय वापरतो, हे बरेचसे छपाईला काय झेपते यावर ठरत आले आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी किताझावा राकुतेन यांनी मंगा हा शब्द आजच्या अर्थाने रूढ केला. योकोहामातल्या 'बॉक्स ऑफ क्यूरिओज' या इंग्रजी नियतकालिकात फ्रँक नॅनकिव्हेल या ऑस्ट्रेलियन चित्रकाराकडून ते पाश्चात्त्य धर्तीचे व्यंगचित्र शिकले आणि १९०५ मध्ये त्यांनी 'तोक्यो पक' हे नियतकालिक सुरू केले. तरीही चित्रकाराची स्वतःची रेघ छापील पानावर उतरणे दर वेळी जमत नव्हते. तेझुका ओसामु यांचे पहिले गाजलेले पुस्तक 'शिन ताकाराजिमा' १९४७ मध्ये ओसाकातून आले, ते स्वस्तातल्या पद्धतीने छापलेले. छापखान्यातल्या कारागिरांनी तेझुकांची चित्रे हाताने गिरवून छपाईच्या पत्र्यांवर उतरवली होती. एका पिढीला वेड लावणाऱ्या त्या पुस्तकातल्या रेघा दुसऱ्याच कुणाच्या होत्या. तेझुकांना ही गोष्ट इतकी खुपत राहिली की पुढे समग्र ग्रंथमालेत घेताना त्यांनी ते पुस्तक नव्याने काढले.

कॅमेऱ्याने पानाचा फोटो काढून ठसा बनवण्याची पद्धत सरसकट झाली तेव्हा हा मधला हात गेला. जी-पेनची सद्दी खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. कॅमेऱ्याला फक्त काळे आणि पांढरे कळे. पेन्सिलीचा करडा, पातळ शाईचा वॉश त्याच्या कामाचा नव्हता. गडद काळ्या शाईची स्वच्छ कड हवी होती आणि ती टाकच देऊ शकत होता. व्यावसायिक मंगाचा कागद आजही बी-४ आकाराचा असतो. त्याच्या आतली चौकट २७० × १८० मिलिमीटर. छापताना पान लहान होते, त्याबरोबर हाताचा बारीक कंपही आकसतो. चौकटीच्या खुणा फिकट निळ्या असतात, कारण तो निळा कॅमेऱ्याला दिसत नसे.

निबांची निवड ही मंगाच्या शिक्षणातली पहिली पायरी. भार दिला की निबची दोन पाती फाकतात आणि शाई जास्त उतरते. जी-पेनची पाती लवचिक, म्हणून बारीक रेघ त्याच ओढीत जाड होते. पात्रांच्या बाह्यरेषा, कपड्यांच्या चुण्या, धावत्या पायामागचा वेग यांना ती उत्तम. मारु-पेन ही नकाशे आखण्याच्या निबच्या जातीची, बूड नळीसारखे गोल. पापण्या, केस आणि नाजूक पोत तिच्याकडे. काबुरा-पेन जरा ताठ, रेघ जवळपास एकसारखी ठेवणारी. नव्या निबवर गंज धरू नये म्हणून तेलाचा थर असतो, तो पुसला नाही तर शाई टिकत नाही. आणि निब ओढायची असते. पुढे ढकलली की ती कागदात रुतते आणि शिंतोडे उडतात. म्हणून अनुभवी चित्रकार मनगट वाकडे करत नाही, कागदच फिरवतो. १९५७ मध्ये तात्सुमी योशिहिरो यांनी प्रौढांसाठीच्या करड्या कथांना गेकिगा हे नाव दिले. त्या प्रवाहातल्या कडक, दाबून ओढलेल्या रेघांत जी-पेनचा स्वभाव पुरता दिसतो.

राहिला प्रश्न करड्या रंगाचा. काळे-पांढरे एवढेच छापता येत असेल तर संध्याकाळ कशी दाखवायची? उत्तर होते ठिपके. १८७९ मध्ये बेंजामिन डे यांनी अमेरिकेत ठिपक्यांचे ठसे उमटवण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. पुढे चिकट पाठीचे, ठिपके छापलेले पारदर्शक कागद आले ते जाहिराती आणि नकाशे यांच्या सोयीसाठी. जपानने ते मंगासाठी उचलले आणि त्यांना स्क्रीनटोन म्हटले. हवा तेवढा तुकडा कटरने कापायचा, चित्रावर घोटून बसवायचा, उरलेला सोलून काढायचा. कटरच्या पात्याने वरचे ठिपके खरवडले की ढग, धूर किंवा गालावरची लाली तयार होते. तानिगुची जिरो यांच्या मंगातल्या शहरांचा उजेड हा अशा टोनच्या थरांतून आलेला आहे. मिझुकी शिगेरु यांनी मात्र हाताने टिंबे घालून रान आणि पिशाच्चे उभी केली. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी डावा हात गमावला होता. त्यांचे काम वाढले तेव्हा त्सुगे योशिहारू यांच्यासारखा चित्रकार त्यांच्याकडे सहायक होता.

सहायक ही गोष्ट हत्यारांइतकीच महत्त्वाची. १७ मार्च १९५९ रोजी 'शोनेन मॅगझीन' आणि 'शोनेन संडे' ही दोन साप्ताहिके एकाच दिवशी बाजारात आली आणि मंगाला आठवड्याचे वेळापत्रक बांधले गेले. एक जण पात्रे काढणार, दुसरा इमारती, तिसरा काळे भरणार, चौथा टोन कापणार. वेळेची ही तंगी थेट चित्रांत उतरली. आपल्याकडे टीव्हीमुळे घरोघरी पोचलेल्या 'ड्रॅगन बॉल'मधला गोकू सुपर सायन या अधिक ताकदीच्या रूपात जातो तेव्हा त्याचे केस सोनेरी होतात, म्हणजे मूळ काळ्या-पांढऱ्या पानावर कोरे राहतात. ते काळे केस भरण्यात सहायकाचा फार वेळ जातो, हे त्यामागचे एक कारण खुद्द त्याचे चित्रकार तोरियामा आकिरा यांनी सांगितले आहे.

संगणक आला तो याच कष्टाच्या वाटेने. तेरासावा बुइची यांनी १९८०च्या दशकातच संगणकावर चित्रे करून पाहिली होती, पण ती एकट्याची वाट होती. साइतामात १९८३ मध्ये स्थापन झालेल्या वॅकॉम कंपनीने बिनवायरी, बिनबॅटरीचा पेन आणला. त्याला लागणारी ऊर्जा संगणकाला जोडलेली खालची पाटीच चुंबकीय क्षेत्रातून पुरवते, त्यामुळे तो हलका राहतो आणि दाबाची नोंद होते. मग २००१ मध्ये सेल्सिस या कंपनीचे 'कॉमिक स्टुडिओ' आले आणि २०१२ मध्ये 'क्लिप स्टुडिओ पेंट'. अॅनिमेशनची साधने बनवणाऱ्या या कंपनीने मंगाचे अख्खे टेबल पडद्यावर मांडले. बी-४चा कागद, निळ्या खुणा, टोनचे तुकडे, सगळे तिथे हजर. पेनांच्या यादीत जी-पेन, मारु-पेन आणि काबुरा-पेन. हात थरथरला तर रेघ सरळ करून देणारी सोयही त्यात आहे.

कागद की पडदा या निवडीबद्दल जपानी चित्रकारांत ठाम मते आहेत आणि ती असायलाच हवीत. टोनच्या बाबतीत संगणकाने दिलेली मुक्तता निर्विवाद आहे. एकेक कागद विकत घेऊन कापण्यात जाणारे पैसे आणि रात्री वाचल्या. पण ठिपक्यांचे पान मोबाइलच्या पडद्यावर लहान केले की त्यावर नको त्या लहरी उमटतात, आणि पडद्याला तर खरा करडा रंग सहज दाखवता येतो. जी अडचण भागवण्यासाठी ठिपके आले, ती तिथे उरलेलीच नाही. तरी वाचकाच्या डोळ्याला मंगा म्हणजे ठिपकेच वाटतात. रेघेचे तसे नाही. पडद्यावरच्या पेनचा दाब किती ठेवायचा, रेघ किती सरळ करू द्यायची, हे ठरवायला खरी निब कशी वागते ते ठाऊक असावे लागते. म्हणून नव्या माणसाने निदान काही पाने शाईने काढावीत. निब आणि दांडी यांना फार पैसे पडत नाहीत, आणि पुसता न येणारी रेघ ओढण्याआधी हात जो विचार करतो तो दुसरीकडे शिकायला मिळत नाही. इनोउए ताकेहिको यांनी तर 'व्हॅगाबाँड' या मंगात निब बाजूला ठेवून कुंचला घेतला. होकुसाईच्या हत्याराकडे ते गेले खरे, पण आता मधे कोरणारा कुणी नव्हता, आणि कुंचल्याचे कोरडे फटकारे जसेच्या तसे छापून आले.

कागदावरच्या अशा मूळ पानांसाठी जपानच्या अकिता प्रांतात योकोते इथे मासुदा मंगा संग्रहालय आहे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या आणि २०१९ मध्ये नव्याने उघडलेल्या या संग्रहालयात चार लाखांहून अधिक मूळ पाने जपली आहेत. अशा पानांवर पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका, निळ्या पेन्सिलीच्या सूचना, संवादाच्या फुग्यांत चिकटवलेली छापील अक्षरे आणि सुटू लागलेले टोन दिसतात. ती जपणे सोपे नाही. टोनचा गोंद पिवळा पडतो, चिकटवलेली अक्षरे गळून येतात. पूर्णपणे संगणकावर काढलेल्या मंगाचे असे मूळ पानच नसते, फाइल असते. बरेच चित्रकार आता मधला मार्ग धरतात. पात्रांच्या रेघा कागदावर, जी-पेनने. पान स्कॅन केल्यावर काळे भरणे, टोन आणि इमारती पडद्यावर.