सुनेत्रेचा डोळा

आम्ही भाषा शिकविणारी माणसे. एखाद्या नावापाशी अडखळलो की त्याचा मागोवा घेतल्यावाचून आम्हांला राहवत नाही. ‘युग्लीना’ हे असेच एक नाव. डबक्याचे पाणी हिरवे करणाऱ्या ह्या एकपेशीय जीवाच्या पुढच्या टोकाजवळ एक तांबडा ठिपका असतो. मोठ्या प्राण्यांप्रमाणे सूक्ष्म जीवांनाही सगळे अवयव असतात, अशी जर्मन निसर्गाभ्यासक एरेनबर्ग ह्यांची धारणा होती. त्यांना तो ठिपका डोळा वाटला आणि १८३० साली त्यांनी ग्रीक शब्द जोडून हे नाव ठेवले. मराठीत ते ‘सुनेत्रा’ असे होईल.

१८८२ साली उट्रेख्टच्या थिओडोर एंगेलमान ह्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पोहणाऱ्या युग्लीनावर सावलीची कड पडू दिली. सावली ठिपक्यापर्यंत पोहोचण्याआधीच, पुढचा रंगहीन भाग झाकोळताच, ती दचकली. म्हणजे उजेड जाणवतो तो ह्या रंगहीन भागाला, ठिपक्याला नव्हे. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा!

मग ठिपक्याचे प्रयोजन काय? तो आडोसा आहे. युग्लीना गिरक्या घेत पुढे जाते. प्रकाश बाजूने येत असला तर दर गिरकीला ठिपक्याची सावली शेजारच्या प्रकाशग्राही भागावर पडते, आणि ही उघडझाप थांबेपर्यंत ती वळत राहते. उजेडाची दिशा तिला कळते ती सावलीमुळे.

ह्या कथेचा पुढचा अध्याय क्लॅमिडोमोनास ह्या दुसऱ्या एकपेशीय हिरव्या शैवालाचा. प्रकाश पडताच पेशीच्या आवरणातले दार उघडून विद्युत्भारित कण आत सोडणारे त्याचे प्रथिन २००२ साली नागेल, हेगेमान आणि सहकाऱ्यांनी ओळखले. अशाच एका शैवालप्रथिनाचे जनुक पुढे रेटिनायटिस पिग्मेंटोझाने दृष्टी गेलेल्या एका माणसाच्या डोळ्यात सोडण्यात आले. खास चष्मा लावल्यावर त्याला टेबलावरच्या वस्तू शोधता आणि मोजता आल्या. हा वृत्तान्त २०२१ साली प्रसिद्ध झाला. पूर्ण दृष्टी काही परतली नाही. पण निव्वळ अंधारही उरला नाही.

एरेनबर्ग ह्यांना त्या जीवात आपल्यासारखा डोळा दिसला, ही त्यांची चूक आम्ही हसण्यावारी नेणार नाही. आपल्याला ठाऊक असलेल्या शब्दांनीच आपण अनोळखी गोष्टींना हाक मारतो. मात्र नाव दिले म्हणजे ओळख झाली, असे मानून एंगेलमान थांबले असते, तर त्या माणसापर्यंत पोहोचणारी वाट कदाचित सुरूच झाली नसती.