काचपेटी रिकामी झाल्यावर

श्रीगोंदा तालुक्यातील कोणत्याही ग्रामपंचायतीत 'टीसीएल पावडर' म्हटले की शिपायापासून सरपंचापर्यंत सर्वांना कळते. पिण्याच्या पाण्यात ही पावडर टाकायची आणि नंतर त्या पाण्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का ते पाहायचे, हा पाणीपुरवठ्याचा नित्यक्रम आहे. शाळेतील काचपेटीतले मासे रोगाने मेले आणि तीत नवे मासे सोडायचे असले, तर कामी येते ती हीच पावडर. मात्र एक मोठा फरक आहे. गावाच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक राहायला हवा असतो. काचपेटीत तो जरासाही राहून चालत नाही. हे कळेपर्यंत रसायनशास्त्राला आणि जीवशास्त्राला बराच वळसा घ्यावा लागला.

क्लोरीन वायू प्रथम तयार केला शेले या स्वीडिश औषधनिर्मात्याने, १७७४ साली. चार्ल्स टेनंट याने १७९९ मध्ये हा वायू कोरड्या चुन्यात शोषून घेण्याची कृती शोधली आणि ब्लीचिंग पावडर जन्माला आली, तीही कापड पांढरे करण्यासाठी! पुढे पॅरिसमध्ये लाबाराक याने क्लोरीनची संयुगे दुर्गंधी घालवण्यासाठी वापरली. व्हिएन्नातील डॉक्टर सेमेलवाइस यांनी १८४७ मध्ये प्रसूतिगृहातील डॉक्टरांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. जंतूंची कल्पना तेव्हा रुजली नव्हती. शवातील कुजका अंश हाताला चिकटून येतो असे ते मानत. उपाय बरोबर होता, कारण मात्र अर्धेच कळले होते.

ते पुरते उलगडले रॉबर्ट कॉख यांच्या १८८१ मधील प्रयोगांनी. त्यांनी रेशमी धाग्यांवर अँथ्रॅक्सचे बीजाणू वाळवले, ते धागे निरनिराळ्या द्रावणांत ठरावीक वेळ बुडवले, मग पोषक माध्यमावर ठेवून जंतू पुन्हा वाढतात का ते पाहिले. त्या काळी कार्बोलिक ॲसिडचा मोठा दबदबा होता, पण या बीजाणूंपुढे ते फिके पडले. वाढ थांबणे आणि जंतू मरणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि कोणत्याही द्रावणाला तीव्रतेइतकाच वेळही लागतो, हे या प्रयोगांतून दिसले. वर्गात सांगण्यासारखा असा दुसरा प्रयोग क्वचितच सापडेल. पुढे १८८४ मध्ये याच कॉख यांना कोलकात्याच्या एका तळ्यात पटकीचे जंतू सापडले. त्यानंतर आग्र्याच्या हँकिन यांनी पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची पद्धत रूढ केली. आपल्याकडच्या जुन्या पिढीला पाण्याचा तो जांभळा रंग आठवत असेल.

काचपेटीचा इतिहास या सगळ्यापासून दूर, वेगळ्याच वाटेने चालला होता. लंडनचे रसायनज्ञ वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये दाखवले की पेटीत मासे आणि पाणवनस्पती योग्य प्रमाणात असल्या, तर पाणी वारंवार बदलावे लागत नाही. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडले आणि हा छंद पसरला. एकदा जमवून आणलेला समतोल मोडायचा कशाला, अशी तेव्हाची वृत्ती. पण १८७६ मध्ये फुके या फ्रेंच संशोधकाने माशांच्या अंगावर पांढरे ठिपके आणणाऱ्या परजीवीचे वर्णन केले. हा जीव पुरता वाढला की मासा सोडून तळाशी बसतो आणि तेथे त्याची शेकडो पिल्ले तयार होतात. म्हणजे मासा काढून घेतला तरी रोग पेटीत उरतोच. १९२६ मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातील माशांत ॲरन्सन यांना क्षयजंतूच्या कुळातला एक जंतू सापडला. स्वीडनमध्ये १९५१ साली पोहण्याच्या तलावावर जाणाऱ्यांच्या कातडीवरील फोडांतून जो जंतू मिळाला, तोही पुढे हाच ठरला. हातावर जखम असलेल्या मुलाला पेटी धुवायला लावू नये, ते यासाठी.

दरम्यान अमेरिकेतील जर्सी शहराने १९०८ मध्ये नळाच्या पाण्यात कायम क्लोरीन मिसळणे सुरू केले आणि शहरोशहरी ती पद्धत गेली. माणसांची पटकी व विषमज्वर हटले, पण मासे पाळणाऱ्यांची पंचाईत झाली. क्लोरीन माशांच्या कल्ल्यांची नाजूक त्वचाच जाळतो. यावरचा उतारा फोटोग्राफरच्या अंधाऱ्या खोलीत आधीच होता. जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये अभ्यासलेले आणि १८३९ पासून छायाचित्रे पक्की करण्यासाठी वापरात आलेले 'हायपो', म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीनला क्षणात निष्प्रभ करते. शाळेच्या प्रयोगशाळेत ते बहुधा असतेच.

आता प्रत्यक्ष कृती. आधी पेटी, जाळी, नळ्या साध्या पाण्याने घासून धुवाव्यात. शेवाळ व मळ राहिला तर क्लोरीन त्यांच्यावरच खर्च होतो. हीटर किंवा पंप असल्यास वीज तोडूनच हात घालावा. दहा लिटर पाण्यात सुमारे सात ग्रॅम ताजी पावडर कालवली की लिटरला दोनशे मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन मिळतो. उघडी राहिलेली जुनी पावडर कमजोर झालेली असते. चुना खाली बसू द्यावा, वरचे निवळ पाणी घ्यावे आणि वस्तू त्यात तासभर बुडवून ठेवाव्यात. हे काम उघड्यावर करावे, आणि संडास धुण्याचे ॲसिड त्यात चुकूनही पडू देऊ नये. त्यातून उसळणारा वायू म्हणजे १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर सोडला गेला तोच. नंतर त्या दहा लिटरमध्ये पंधरा ग्रॅम हायपो विरघळवावे, वस्तू दोनतीनदा धुवाव्यात आणि उन्हात खडखडीत वाळवाव्यात. शेवटच्या धुण्याच्या पाण्यात पोटॅशियम आयोडाइड आणि स्टार्च टाकून पाहावे. निळा रंग आला तर अजून धुवायला हवे. स्पंज, लाकूड यांच्या छिद्रांत जंतू दडून राहतात, ती सरळ टाकून द्यावीत. फिनाईल घरात हाताशी असते, पण पेटीसाठी ते नको.

वर उल्लेखिलेला क्षयकुळातला जंतू मात्र चिवट. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत सत्तर टक्के अल्कोहोलने तो मिनिटभरात हटला. हायपोक्लोराइट अतिशय तीव्र घेऊनही त्याहून जास्त वेळ लागला. म्हणून अशा रोगाची शंका असेल तेव्हा धुऊन वाळवलेली जाळी नंतर अल्कोहोलनेही पुसावी. मात्र जवळ ज्योत नको.

एवढे करून पेटी लगेच माशांनी भरली, तर ते मासे दोन आठवड्यांत पुन्हा मरू शकतात, आणि यावेळी रोगाने नव्हे. विनोग्राडस्की यांनी १८९० च्या सुमारास वेगळे केलेले नायट्रीकारक जंतू वाळूत आणि गाळणीत राहून माशांच्या विष्ठेतील अमोनिया निकामी करतात. क्लोरीनला त्यांची ओळख नसते. रोगजंतूंबरोबर तेही जातात. त्यांची वस्ती पुन्हा बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर एकदोनच मासे ठेवावेत, अन्न चिमूटभर द्यावे आणि थोडे थोडे पाणी बदलत राहावे, अर्थात हायपो घातलेले.